जुन्या वास्तू, नवी कामे
(पनवेल परिसरातील घरे, वाडे आणि देवळे यांच्या उपयोगाचा इतिहास)

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. जीर्ण म्हणजे झिजलेले आणि उद्धार म्हणजे वर काढणे. जे झिजले, खचले, त्यालाच हात देऊन पुन्हा उभे करावयाचे, असा या शब्दाचा सरळ अर्थ आहे. जुने सपाट करून त्या जागी सर्वस्वी नवे उभारणे हा अर्थ त्याला अलीकडे चिकटला आहे.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या प्रसंगी देवतेचे माहात्म्य, देणगीदारांची नावे आणि खर्चाचा तपशील यांची नोंद होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु ज्या वास्तूला हात लावावयाचा ती मुळात कशी बांधली होती, तिने शे-दोनशे वर्षांत गावाची कोणकोणती कामे केली, तिच्यातील दगड आणि लाकूड पूर्वी कोठे होते, हा इतिहास सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. पनवेल आणि भोवतालच्या गावांपुरता तो येथे थोडक्यात मांडला आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या वास्तूला काळाप्रमाणे नवे काम मिळत गेले तीच टिकली. आणि नवे काम घेता येईल अशी सोय तिच्या मूळ बांधणीतच होती.

खणांचे घर

आपल्या जुन्या घरांचे माप चौरस फुटांत सांगत नसत. ते खणांत सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचा वाडा नऊ खणांचा, एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला घराचा अदमास येई. या मापामागे बांधणीची एक पद्धत होती. आधी दगडाचे उंच जोते घालावयाचे. जोत्यावर दगडी तळखडे बसवावयाचे आणि त्या तळखड्यांवर लाकडी खांब उभे करावयाचे. तळखड्यामुळे खांबाचा जमिनीशी प्रत्यक्ष संबंध येत नसे. ओल वर चढत नसे आणि वाळवी लागली तर लगेच नजरेस येई. खांबाच्या डोक्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळयांवर कडीपाट, आणि सर्वांत वर आढे, वासे, रीपा व कौले.

या रचनेत छपराचा भार मुख्यत्वे खांब आणि तुळया उचलीत. बाहेरच्या भिंती दगड-मातीच्या किंवा विटांच्या जाड असत. आतल्या भिंती मात्र बहुतेक आडोशापुरत्याच. त्या विटांच्या असोत, फळ्यांच्या असोत वा कारवीच्या कुडाच्या असोत, काढल्या तरी घर पडत नसे. घरात लग्न निघाले, भावाभावांत वाटणी झाली, दुकान थाटावयाचे ठरले, की मधला आडोसा काढला किंवा नवा घातला, एवढ्यावर काम भागे. आजच्या वास्तुविशारदांना जी लवचिक मांडणी मुद्दाम योजावी लागते, ती आपल्या सुतारांच्या हातात पिढ्यान् पिढ्या होती.

दुसरी गोष्ट सांध्यांची. एका लाकडाला कुसू काढावयाचे, दुसऱ्याला खाच पाडावयाची, एकात दुसरे बसवून वर लाकडी मेख ठोकावयाची. लोखंडी खिळ्याचे काम फार थोडे. असे सांधे जसे जोडता येतात तसेच सोडवताही येतात. म्हणून जुने घर मोडताना त्याचे लाकूड फुकट जात नसे. सुतार पटाशीने प्रत्येक तुळईवर खुणा करी, गाडीत भरून लाकूड दुसऱ्या गावी नेई आणि तेथे तेच घर किंवा त्याच खांबांवर दुसरे घर उभे राही. एका पिढीचा माळा पुढच्या पिढीची ओटी झाला, एका गावच्या वाड्याचे खांब दुसऱ्या गावच्या सभामंडपात गेले, असे कोकणात सर्रास घडले आहे.

उत्तर कोकणात दगड मुख्यतः काळा. दक्षिणेकडे जांभा अधिक. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. डोंगराकडील ठाकूर व कातकरी वस्त्यांतून कारवीच्या काठ्यांचे कूड विणून त्यावर माती आणि शेण यांचा गिलावा देतात. कारवी ही सुमारे आठ वर्षांनी एकदा फुलणारी आणि फुलल्यावर वाळणारी वनस्पती असल्याने तिच्या काठ्या डोंगर पुन्हा पुन्हा देत राहतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या भागात उतरते छप्पर ही हौस नव्हे, गरज आहे. पूर्वी गवताचे किंवा पेंढ्याचे शाकार, नंतर कुंभाराची नळीची कौले, आणि त्यानंतर मंगलोरी कौले असा छपराचा क्रम आहे. मंगळूर येथे बासल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी ती चपटी कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली. ज्या छपरावर मंगलोरी कौल आले तेथे त्याचे वासे आणि आढे बहुधा आधीच्याच छपराचे होते.

बंदर, रस्ता आणि गाड्यांची चाके

पनवेल हे बंदर होते, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने खाडीतून पनवेलला उतरे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलच्या पेठेला तेजी आली. तांदूळ आणि मीठ यांच्या वखारी, बैल बांधण्याचे तळ, धर्मशाळा, गाडीवानांच्या खानावळी यांनी गाव भरून गेले.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि ही वाहतूक पनवेलला वगळून जाऊ लागली. येथे इतिहासाचा एक धडा आहे. पेठेचा जुना व्यवहार उतरणीस लागला तरी वास्तू उभ्याच होत्या. वखारीचे जोते उंच, दरवाजे रुंद, खिडक्या थोड्या आणि आत मोकळे खण. अशा जागेला दुसरे काम लागावयास वेळ लागत नाही. कोठे भाताची गिरण बसली, कोठे छापखाना, कोठे किराणा, कोठे लाकडाचे दुकान. बंदरे मागे पडलेल्या सगळ्याच गावांत हा क्रम आढळतो.

पनवेलच्या सुतारांची ख्याती गाड्यांच्या चाकांसाठी होती. घाटावरील मुलूख आणि समुद्रकिनारा यांच्यामध्ये फिरणाऱ्या प्रत्येक गाडीला पनवेलच्या चाकांची जोडी असते, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनी नमूद करून ठेवले आहे. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी कसबाची साक्ष पुरेशी आहे. चाक करणे हे साध्या सुताराचे काम नव्हे. मधला तुंबा, त्यात बसणारे आरे, आऱ्यांना जोडणारे पुठ्ठे, आणि शेवटी लोहाराने लाल तापवून बसवलेली व पाणी ओतून आवळलेली लोखंडी धाव, यांचा मेळ एका सुताच्या फरकाने चुकला तरी गाडी घाटात दगा देई. सांध्याची ही नजर ज्या गावात मुरली होती, तेथील घरांच्या आणि देवळांच्या लाकूडकामात ती उतरली नसती तरच नवल.

त्याच पेठेत निरनिराळ्या समाजांची प्रार्थनास्थळेही उभी राहिली. बेने इस्रायल समाजाचे ‘बेथ एल’ हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज बोलीने आणि राहणीने कोकणीच झालेला होता.

एका खोलीची चार कामे

जुन्या घरात आजच्यासारख्या निजण्याच्या, जेवण्याच्या, बसण्याच्या अशा ठरीव खोल्या नसत. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, माळा ही नावे जागेच्या स्थानावरून पडलेली आहेत. जागेचा उपयोग प्रहराप्रहराला बदले. सकाळी माजघरात ताक घुसळले जाई, दुपारी तेथेच पाट मांडून पंगत बसे, तिसऱ्या प्रहरी पापड लाटले जात आणि रात्री वळकट्या सोडल्या की तेच निजावयाचे घर होई. सगळे सामान भुईवर बसून वापरण्याचे आणि काम झाले की खुंटीला, कोनाड्यात किंवा माळ्यावर जाणारे. त्यामुळे अर्धी जागा लाकडी सामानाने अडून पडत नसे.

भिंतीच्या जाडीचाही पुरेपूर उपयोग केलेला असे. दिव्यासाठी देवळी, डबेबाटल्यांसाठी कोनाडा, कागदपत्रांसाठी भिंतीतले फडताळ, धान्यासाठी बळद, आणि मोठ्या वाड्यांतून तर भिंतीच्या पोटातून माळ्यावर जाणारा चिंचोळा जिना. उखळ भुईतच पुरलेले. वर झाकण घातले की त्यावरून चालता येई. अंधाऱ्या स्वयंपाकघरात उजेड हवा असला तर छपरातील दोन कौले काढून तेथे काचेची कौले बसवीत. एवढ्याशा युक्तीने चुलीपाशी बसणाऱ्या बाईचे डोळे वाचत. झोपाळ्याच्या कड्या तुळईला कायमच्या असत. पण झोपाळा उतरवून त्याच कड्यांना बाळाचा पाळणा लागे, आणि गणपतीत मखराची आरास त्यांनाच बांधली जाई.

टाकून देणे हा शेवटचा उपाय होता. फुटलेल्या जात्याची तळी परसदारी पायरी झाली, झिजलेला पाटा धुण्याचा दगड झाला, जुन्या दरवाजाची फळी दुकानाचा गल्ला झाली, मोडक्या चाकाची धाव वाकवून विळे-कोयते झाले. या गोष्टी करणाऱ्यांना कोणी कलावंत म्हटले नाही आणि त्यांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत. यातल्या पुष्कळ युक्त्या तर घरातील बायकांच्या आहेत. सारवणाची भुई, चुलीची जागा, मांडणीची उंची, उन्हाच्या कवडशावरून ठरवलेली वाळवणाची जागा, हे सगळे त्यांनीच ठरविले.

देवळांचा अनुभव

देऊळ मात्र कायम एकरूप राहते, असा एक समज आहे. महाराष्ट्रातील प्रसिद्ध देवस्थाने पाहिली तर तो टिकत नाही.

जुन्नरजवळ लेण्याद्रीचा गिरिजात्मज हा अष्टविनायकांपैकी एक. तो ज्या प्रशस्त, खांब नसलेल्या दालनात विराजमान आहे ते दालन मुळात बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेला विहार आहे. भोवतालच्या लहान खोल्या भिक्षूंच्या. पुढच्या काळातील भाविकांनी ती जागा मोडली नाही. तिचा डोंगर, तिचा गारवा, तिची शांतता आहे तशी स्वीकारून तेथे आपला देव बसविला.

पनवेल-उरणकडील आगरी व कोळी बांधव चैत्रात ज्या एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याच्या डोंगरावर जातात, तिचे देऊळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी आहे. त्या चैत्यगृहाच्या छताला आतून लाकडी कमानी आहेत. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. पण लाकडी घरे बांधणाऱ्या कारागिरांच्या डोळ्यांना छप्पर म्हणजे वासे हवेतच, म्हणून त्यांनी दगडात लाकडी वासे बसविले. सुमारे दोन हजार वर्षे झाली, ते सागवान अजून जागेवर आहे. ‘लाकूड टिकत नाही’ असे जीर्णोद्धाराच्या सभेत कोणी म्हणाले तर त्याला कार्ल्याला नेऊन आणावे.

आपल्याच जिल्ह्यातील पालीचे बल्लाळेश्वराचे देऊळ पूर्वी लाकडी होते. १७६० साली त्याचा जीर्णोद्धार होऊन दगडी मंदिर उभे राहिले. चिरे सांधताना शिसे ओतले होते असे सांगतात. याच देवळात एक मोठी घंटा आहे आणि तिची हकिगत देवळाइतकीच मनोरंजक आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्या वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. परंतु अनेक घंटा आहेत तशाच देवळांना दिल्या गेल्या. पालीची घंटा त्यांपैकी एक होय. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१, आणि वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागील घाटावर जी घंटा टांगली आहे तिच्यावर १७०७. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती अजूनही स्पष्ट दिसते. ती कोणी घासून काढली नाही. धातू तोच, नाद तोच, बोलावणेही देवाच्याच दाराचे. भाविक तेवढे बदलले. युद्धात मिळालेली वस्तू असूनही तिच्यावरील खूण पुसली गेली नाही, यात त्या काळच्या माणसांची समज दिसते.

गावोगावच्या लहान देवळांचा इतिहास याहून साधा आहे, पण उपयोगाच्या दृष्टीने अधिक भरगच्च आहे. सभामंडपात पहाटे काकड आरती, दिवसा पंतोजींची शाळा, संध्याकाळी गावकीची बैठक, सप्ताहात पारायण, पावसाळ्यात वाटसरूंचा मुक्काम, लग्नात जानवसा. माळ्यावर पालखी, देवाची भांडी आणि गावजेवणाची पातेली. खांबांच्या खणांवरून पंगतीची मोजदाद होई. महापूर आला, आग लागली, की पहिला आसरा देवळाच्या उंच जोत्यावर. गाढी नदीच्या काठच्या गावांना या जोत्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

वाड्यांत भरलेल्या शाळा

विद्येच्या बाबतीत तर महाराष्ट्राने जुन्या जागांचे फार मोठे ऋण घेतले आहे. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेला विलासी वाडा. पेशवाई गेल्यावर १८२१ साली त्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली आणि तिच्या परंपरेतूनच पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. काही काळ याच वाड्यात पुणे नगरपालिकेची कचेरीही होती. १८४८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले ते मोरोबादादांच्या वाड्यात आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले ते गद्र्यांच्या वाड्यात. इमारत निधी जमेपर्यंत थांबावयाचे असे या मंडळींनी ठरविले असते तर पुष्कळांचे शिक्षण राहून गेले असते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे खेडोपाडी शाळा काढताना देऊळ, चावडी, धर्मशाळा, मिळेल ती जागा घेतली. याच संस्थेचे महाविद्यालय १९७० साली पनवेलला निघाले. ज्यांचे आजोबा देवळाच्या खांबाला टेकून बाराखडी गिरवीत होते, त्यांच्या नातवंडांना त्यामुळे पदवीसाठी मुंबईची वाट धरावी लागली नाही.

भिडेवाड्याची अखेर मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तो वाडा वर्षानुवर्षे वादात आणि दुर्लक्षात राहिला. न्यायालयाचा निर्णय होऊन राष्ट्रीय स्मारकासाठी जागा ताब्यात आली तोवर वास्तू पार जीर्ण झाली होती आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरवावी लागली. स्मारक होईल, परंतु ज्या भिंतींनी पहिली बाराखडी ऐकली त्या भिंती आता नाहीत. पनवेलजवळ शिरढोण येथे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्म झाला; त्यांचे घर स्मारक म्हणून जपले गेले आहे. एका वास्तूला वेळेवर नवे काम मिळाले, दुसरीला मिळेपर्यंत उशीर झाला, एवढाच या दोहोंतील फरक.

परदेशांतही हाच विचार आता रूढ झाला आहे. पॅरिस शहरात १९०० साली बांधलेले ओर्से रेल्वे स्थानक गाड्यांना अपुरे पडू लागले, तेव्हा ते पाडण्याऐवजी त्यात कलासंग्रहालय करण्यात आले आणि ते १९८६ साली लोकांसाठी उघडले. लंडनमध्ये टेम्स नदीकाठच्या बंद पडलेल्या वीजघरात २००० साली असेच कलादालन सुरू झाले.

जागा कोणाची

जुन्या वास्तूंचे हे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देऊळ, धर्मशाळा, पाणवठा ही गावाची जागा, असे म्हटले जाई. पण त्या ‘गावात’ गावातील सर्व माणसे धरली जात नव्हती. सभामंडपात शाळा भरे तेव्हा काही मुले पायरीखाली उन्हात बसत. खण मोकळे होते, पण दरवाजा मोकळा नव्हता.

हा दरवाजा उघडण्याचे मोठे काम आपल्याच जिल्ह्यात झाले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुल्या करण्याचे धोरण ठरले. ठराव कागदावर राहू नये म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले आणि ते खुले झाले. गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंची ओसरी विद्येच्या कामी आली. वास्तूला नवे काम देण्याचे याहून चांगले उदाहरण सांगता येणार नाही. नवा सभामंडप कितीही देखणा झाला तरी त्याची पहिली परीक्षा हीच: त्यात कोणीही, कोणत्याही वाडीचा, संकोच न बाळगता येऊन बसतो काय?

आजचा प्रसंग

गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पनवेल भागाचा जो कायापालट झाला तो मागील पाचशे वर्षांत झाला नसेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. १९८१ साली कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर आदी दहा गावांनी आपली घरे सोडली. घरांबरोबर गावदेवीची स्थानेही हलली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या शेतात भात डोलत होते तेथून आता विमाने उडतात.

शेत गेले, घर बदलले, ओटी जाऊन गॅलरी आली. अशा गावांत पिढ्यांची आठवण सांगणारी एकच वास्तू पुष्कळदा उरते, ती म्हणजे देऊळ. म्हणूनच जीर्णोद्धाराचे काम हाती घेणाऱ्या मंडळींवर पूर्वीच्या कोणत्याही पिढीपेक्षा मोठी जबाबदारी आहे. पैसा आज पूर्वीपेक्षा अधिक आहे, आणि पैसा असला की आधी जुने पाडण्याची घाई होते. जुने सागवान भावाने विकले जाते, त्या रकमेत चकचकीत फरशी येते आणि दहा वर्षांनी त्या फरशीवर घसरून म्हातारी माणसे पडतात.

जुन्या मिस्त्री-सुतारांच्या आणि जाणत्यांच्या अनुभवातील काही गोष्टी येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल. कोणतेही देऊळ उतरवण्याआधी त्याचे माप घेऊन नकाशा काढावा, चारही बाजूंनी आणि आतून छायाचित्रे घ्यावीत. खांब, तुळया, हस्त यांना क्रमांक घालावेत. जे लाकूड ठणठणीत आहे ते जागेवरच राखावे. जे मंडपात बसत नाही त्याचे देव्हारा, पुस्तकांचे कपाट, पोथी ठेवण्याचे घडवंचे, बसावयाची बाके असे रूपांतर करावे. आवारात वीरगळ, सतीशिळा किंवा जुना कोरीव दगड असेल तर त्याला तैलरंग फासू नये. तो पायरीला लावू नये, ओट्यावर उभा करावा. जुन्या दगडी व चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देण्याची घाई करू नये. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर टाकते, वरून सिमेंट थापले की ओल कोंडते आणि भिंत आतून पोखरते. नवे छप्पर सपाट स्लॅबचे करावयाचेच झाले तर त्याच्या पाण्याचा निचरा आधी ठरवावा, रंग मागाहून. जुन्या देणगीदारांच्या नावांची फरशी नव्या फरशीखाली गाडू नये.

नव्या मंडपाची आखणी करताना खणांची पद्धत विसरू नये. मोकळे खण ठेवले तर तेथे कीर्तन होईल, वाचनालय चालेल, मुलांचा अभ्यासवर्ग भरेल, रक्तदान शिबिर होईल, पुराच्या रात्री माणसे निजतील. चारी बाजूंनी कायमच्या भिंती आणि काचा घातल्या तर तेथे फक्त समारंभ होतील. वृद्धांसाठी पायऱ्यांच्या बाजूने उतार, बायकांसाठी स्वच्छ आडोसा आणि पाण्याची सोय, सतरंज्या व भांडी ठेवण्यास माळा, या गोष्टी कळसाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. कळस दुरून दिसतो. सोय रोज उपयोगी पडते.

गावाच्या देवळाला हात लावताना प्रत्येक पिढी दोन कामे करते. मागच्यांनी जे दिले ते सांभाळते आणि पुढच्यांना काय लागेल याचा अंदाज घेऊन थोडी जागा मोकळी सोडते. पनवेलचे सुतार, वखारी बांधणारे गवंडी, भुई सारवणाऱ्या आयाबहिणी यांनी ही दोन्ही कामे गाजावाजा न करता केली. ज्यांनी या कार्यास धन दिले, ज्यांनी श्रम दिले आणि ज्यांनी वेळोवेळी चार शब्द सांगून चुका टाळल्या, त्या सर्वांचे हात या परंपरेला लागले आहेत. पन्नास वर्षांनी पुन्हा कोणी या खांबांवर हात ठेवील तेव्हा त्याला जुन्या तुळईवरची पटाशीची खूण सापडावी, आणि आपल्या पिढीच्या नव्या कामाचा त्या तुळईला भार होऊ नये, एवढीच देवाचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥